पुठ्ठ्याचे मिशन

इतिहास शिकविण्यात ज्यांची तीस वर्षे खर्ची पडली, त्यांस एका दहा वर्षांच्या मुलीने एका प्रश्नात निरुत्तर करावे, ही गोष्ट कबूल करावयास थोडी जड जाते. तथापि ती घडली खरी. आणि ज्या प्रश्नाने ती घडली तो प्रश्न आमच्या वाचकांच्या घरांतही आज ना उद्या विचारला जाण्याचा संभव असल्यामुळे ती हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आमची एक पुतणी लग्नानंतर अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांती जाऊन राहिली. तिची कन्या, जिला घरात सारे छकुली म्हणतात, गेल्या वर्षी जूनमध्ये आईबरोबर धाराशिवास आली. मृगाचा पाऊस नुकताच पडून गेला होता, शिवारात तुरी-सोयाबीनच्या पेरण्या चालू होत्या, आणि घरात पाहुण्यांच्या पेट्या उघडण्याची धांदल उडाली होती. छकुलीच्या पेटीत कपड्यांहूनही अधिक जपून आणलेली एक वस्तू होती. ते एक पुठ्ठ्याचे घर होते. भिंती पांढऱ्याशुभ्र; छपरावर पिठाच्या वाळविलेल्या नळ्या तांबड्या रंगवून त्यांची कौले केलेली; पुढे कमानींची ओसरी, बाजूस मनोरा, मनोऱ्यात पितळी घुंगराची घंटा, आणि मधल्या चौकात हिरव्या कागदाची बाग. विमानप्रवासात एक कोपरा दबला होता, त्याचे तिला फार वाईट वाटत होते.

ती म्हणाली, "आजोबा, हे मिशन आहे. सान लुईस रे. आम्हाला चौथीत शिकवतात." तिकडे चौथ्या इयत्तेत मुलांस आपल्या प्रांताचा इतिहास शिकवितात, त्यात स्पॅनिश पाद्र्यांच्या मिशनांचा पाठ असतो, आणि एखाद्या मिशनाची प्रतिकृती घरून करून आणावी असा तेथील पुष्कळ वर्षांचा परिपाठ आहे. २०१६ साली मंजूर झालेल्या अभ्यासक्रमाच्या आराखड्याने ह्या प्रकारास उत्तेजन देण्याचे सोडले. पण परिपाठ कागदावरून गेला म्हणून घराघरांतून लगेच जात नाही, हे आपणांसही ठाऊक आहे.

आम्ही त्या कारागिरीची यथोचित वाखाणणी केली. आमच्या कुटुंबाने मात्र चष्मा लावून ते घर चारी बाजूंनी न्याहाळले आणि विचारिले, "अगं, एवढे मोठे घर, बाग, विहीर, पण ह्यात माणसे कोठे आहेत?" मुलगी क्षणभर थांबली. "माणसे करायला सांगितली नव्हती," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने आमच्याकडे वळून तिने विचारिले, "आजोबा, आपल्याकडे पण मिशन होती का? आणि तिथली मुले काय करायची?"

ह्या प्रश्नास आमच्याजवळ दोन तयार उत्तरे होती. पहिले आम्ही कॉलेजात इंग्रजी ग्रंथांवरून उचललेले: मिशनरी आले, त्यांनी शाळा काढल्या, मुद्रणयंत्र आणिले, देशी भाषांची व्याकरणे रचिली. दुसरे आम्ही लहानपणी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले: फिरंग्यांनी देवळे पाडली, लोक बाटविले, आणि अखेर चिमाजीअप्पांनी वसई घेऊन त्यांचे पारिपत्य केले. दोन्ही उत्तरे खरी आहेत. परंतु तोंड उघडताच आमच्या ध्यानी आले की, ह्या दोन्ही उत्तरांत मुले कोठेच नाहीत. छकुलीच्या पुठ्ठ्याच्या मिशनाप्रमाणे आमचा इतिहासही माणसांवाचून उभा होता. म्हणून आम्ही तिला म्हणालो, "तुला आठ दिवसांनी सांगतो." आणि हे आठ दिवस आम्ही पुनः विद्यार्थी झालो.

आरंभ तिच्याच मिशनापासून करणे प्राप्त होते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर स्पेनच्या राजाने उत्तरेकडून रशियनांचा शिरकाव होऊ नये म्हणून वसाहती घालण्याचे ठरविले, आणि ते काम सैनिक व फ्रान्सिस्कन संन्यासी ह्यांच्याकडे मिळून सोपविले. मायोर्का बेटातील हुनीपेरो सेर्रा नामक संन्याशाने १७६९ साली सान दिएगो येथे पहिले मिशन स्थापिले. १८२३ पर्यंत अशी एकवीस मिशने झाली. सान लुईस रे हे त्यांतील अठरावे, १७९८ सालचे. तेथील मूळच्या रहिवाशांस बाप्तिस्मा देऊन मिशनाच्या आवारात आणीत. त्यांस शेती, विणकाम, सुतारकाम, गुरे राखणे शिकवीत. आणि मनोऱ्यावरील घंटा त्यांचा दिवस आखून देई. उठण्याची घंटा, प्रार्थनेची घंटा, कामाची घंटा, जेवणाची घंटा. एकदा बाप्तिस्मा घेतलेल्या माणसास परवानगीवाचून मिशन सोडता येत नसे. पळून गेलेल्यांस सैनिक धरून आणीत व फटके मारीत. आठ-नऊ वर्षांच्या पुढील मुलींस आईबापांपासून वेगळे करून रात्री कुलूपबंद कोठीत निजवीत. अशा दाट वस्तीत युरोपातून आलेले रोग वणव्यासारखे पसरले. १८०६ च्या गोवराच्या साथीत सान फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या मिशनांतील कितीतरी मुले दगावली. लोकांनी हे मुकाट्याने सोसले असेही नव्हे. १७७५ साली सान दिएगोचे मिशन तेथील कुमेयाय लोकांनी जाळले व एका पाद्र्यास ठार केले. पुढे हा मुलूख मेक्सिकोकडे गेला आणि १८३३ च्या कायद्याने मिशनांची सत्ता संपली. सेर्रा ह्यांस २०१५ साली पोपांनी संतपद दिले. पाच वर्षांनी, २०२० मध्ये, त्यांचे पुतळे त्याच कॅलिफोर्नियात पाडले गेले. एकाच मनुष्याविषयी एकाच देशात इतके परस्परविरुद्ध मत असावे, ह्यावरूनच ही जखम अजून भरली नाही हे उघड होते.

परंतु मुले? त्यांचा शोध घेता घेता आमची गाठ पाब्लो ताक नामक मुलाशी पडली, आणि ह्या सर्व खटाटोपाचे सार्थक झाले असे आम्हांस वाटले. हा मुलगा १८२२ च्या सुमारास खुद्द सान लुईस रे मिशनातच जन्मला. त्याच्या लोकांस स्पॅनिश लोक 'लुईसेन्यो' म्हणत. मिशनाचा प्रमुख फादर पेईरी १८३२ साली परत निघाला, तेव्हा त्याने पाब्लो व त्याचा एक सोबती अशा दोन मुलांस बरोबर घेतले. मेक्सिको व स्पेन ह्या मार्गाने ती मुले १८३४ साली रोमास पोचली व तेथील धर्मविद्यालयात दाखल झाली. सोबती १८३७ साली वारला. पाब्लोही १८४१ साली, वयाची विशी पुरी होण्यापूर्वीच, रोमातच मरण पावला. पण त्याआधी त्याने आपल्या भाषेचे व्याकरण लिहावयास घेतले होते आणि आपल्या मिशनाची हकीकत लिहून ठेविली होती. मिशनात राहिलेल्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेली अशी हकीकत जगात फार दुर्मिळ आहे.

तीत काय आहे? पाब्लो सांगतो की, गोरे लोक प्रथम आले तेव्हा आमच्या नायकाने त्यांस विचारिले, तुम्ही येथे काय शोधीत आहा? आमच्या मुलखातून निघून जा. मग तो पाद्र्याविषयी प्रेमाने लिहितो, आणि आपल्या लोकांनी त्या वेळी त्यांस मारिले नाही ही ईश्वराची कृपा मानितो. तोच पुढे एका वाक्यात सांगून जातो की, आमच्या मुलखात पूर्वी ५,००० माणसे होती. एका रोगाने २,००० मेली व ३,००० राहिली. ह्या गणतीवर तो टीका करीत नाही, रडतही नाही. मग तो बागेचे वर्णन करितो. बाग मोठी होती, फळे उत्तम होती, पण माळ्याखेरीज आमच्यापैकी कोणास आत जाण्याची मुभा नव्हती. आणि येथे एक गोष्ट येते. एक भुकेला पोरगा माळ्याची नजर चुकवून अंजिराच्या झाडावर चढला व घाईघाईत एक मोठे अंजीर न चावताच गिळू लागला; ते घशात अडकले; घाबरून त्याच्या तोंडून कावळ्यासारखा आवाज निघाला, आणि माळी तो कावळा शोधू लागला.

आठव्या दिवशी आम्ही ही गोष्ट छकुलीस सांगितली, तेव्हा ती खदखदून हसली. हसता हसता एकदम थांबली आणि आपल्या पुठ्ठ्याच्या चौकातील हिरव्या कागदाकडे पाहत म्हणाली, "म्हणजे ही बाग त्यांची नव्हती?" आम्ही सांगितले की, जमीन त्यांच्या वाडवडिलांची होती, झाडे त्यांनी लाविली व पाणी त्यांनी घातले, पण बाग त्यांची नव्हती. वसाहत म्हणजे काय, ह्याची व्याख्या आम्ही वर्गात कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. ती एका अंजिरात इतकी पुरी येईल असे आम्हांस कधी वाटले नव्हते.

आता प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. आपल्याकडे काय?

आपल्याकडे स्पेन आले नाही, पोर्तुगाल आले. परंतु १५८० पासून १६४० पर्यंत दोन्ही देशांचा राजा एकच होता, आणि आपल्या किनाऱ्यावरील सर्वांत प्रसिद्ध मिशनरी फ्रान्सिस झेवियर हा तर जन्माने पिरिनीज पर्वताजवळच्या नवारे प्रांताचा. तो ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरला. त्याने तेथे काय केले हे सांगताना आम्हांस पुनः एक घंटा भेटली. हातात लहान घंटा घेऊन तो गोव्याच्या रस्त्यांतून वाजवीत हिंडे, मुले व गुलाम गोळा करी, आणि त्यांजकडून प्रार्थना तालावर म्हणवून घेई. मोठ्यांपेक्षा मुलांवर त्याची भिस्त अधिक. पुढे तमिळ किनाऱ्यावरून लिहिलेल्या पत्रांत तो मोठ्या समाधानाने कळवितो की, मुले आपल्या वडिलांच्या घरातील मूर्तिपूजेची खबर आणून देतात व मूर्ती फोडण्यास पुढे होतात. मुलास आईबापांवर साक्षीदार नेमणे ह्यासारखी शस्त्रक्रिया घरावर दुसरी नाही. झेवियरला तीत पुण्य दिसत होते, ही त्याच्या काळाची गोष्ट. आम्हांस तीत एक मोडलेले घर दिसते, ही आमची.

पुढे कायदाच झाला. १५४० साली गोव्याच्या तिसवाडी बेटावरील देवळे पाडली गेली. पुढल्या वर्षी त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळविले गेले. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाज्ञेने असे ठरले की, हिंदूंची जी मुले पोरकी होतील, ज्यांस आईबाप व आजेआजी नसतील, ती जेझुइटांच्या सेंट पॉल विद्यालयाच्या स्वाधीन करून त्यांस बाप्तिस्मा द्यावा. पुढे ह्या आज्ञेचा अर्थ इतका ताणला गेला की, बाप मेला म्हणजे आई जिवंत असतानाही मूल पोरके समजावे. १५६० साली धर्मन्यायसभा आली, ती मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत राहिली. ह्या काळात कित्येक कुटुंबे देव पाठीवर बांधून नदीपार अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा महालात, गेली; मंगेशी व शांतादुर्गा ही दैवते तेथे आज दिसतात त्याचे कारण हेच. वडिलांच्या मृत्यूनंतर रात्रीच्या अंधारात आईबरोबर नावेत बसणारी मुले ह्या इतिहासात आहेतच. त्यांच्यापैकी कोणी पाब्लो ताकप्रमाणे लिहून ठेविले नाही, इतकेच.

ह्याच राज्यात, ह्याच धर्मसंघात, टॉमस स्टीफन्स होऊन गेला. हा इंग्रज, १५७९ साली गोव्यास आला आणि चाळीस वर्षे तेथेच राहून १६१९ साली मेला. साष्टीतील नवख्रिस्त्यांची जुनी पुराणे गेली होती, नवे काही हाती नव्हते. वाचावयास, ऐकावयास गोष्टच उरली नव्हती. त्यांच्यासाठी त्याने आपल्या ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत ख्रिस्तपुराण रचिले. अकरा हजारांच्या घरात ओव्या असलेला हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. नागरी ठसे नव्हते म्हणून तो रोमन लिपीत छापावा लागला. त्यातील मराठीची थोरवी सांगणाऱ्या ओव्या आमच्या पिढीने शाळेत तोंडपाठ केल्या. ज्या सत्तेने मुलाची आई कायद्याने नाहीशी केली, तिच्याच आश्रयास राहून एक परका मनुष्य त्या मुलास त्याची मातृभाषा परत देत होता. आणि तीच सत्ता १६८४ साली फर्मान काढून देशी भाषा तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज बोला असे सांगत होती. स्टीफन्समुळे राजाज्ञा पुसली जात नाही. राजाज्ञेमुळे स्टीफन्सची ओवी खोटी ठरत नाही. दोन्ही एकाच पानावर लिहावी लागतात.

जुलैअखेर पुतणीस परत जावयाचे होते. मुंबईस विमान गाठण्यापूर्वी एक दिवस आम्ही छकुलीस बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांत नेले. लेणी म्हणजे काय हे तिला सांगावे लागले नाही. धाराशिवची लेणी तिने पाहिली होती. ती मुळात बौद्ध असावीत व पुढे जैनांनी तेथे आपली उपासना चालविली, हे तिला ठाऊक होते. तेरणाकाठच्या तेरला, पूर्वीच्या तगर नगरीत, त्रिविक्रमाच्या विटांच्या देवळाचे हत्तीच्या पाठीसारखे छप्पर दाखवून, हे मुळात बौद्धांचे चैत्यगृह असावे असे विद्वानांचे मत आहे, हेही आम्ही सांगितले होते. तेव्हा "आधी इथे कोण होते?" हा प्रश्न तिच्या जिभेवर तयारच होता.

मंडपेश्वर हे शैवांचे लेणे, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी खोदलेले. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई व तिच्या खालचा मुलूख पोर्तुगीजांस तोडून दिला. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांच्या आत आंतोनियो दो पोर्तु नामक फ्रान्सिस्कन संन्याशाने ह्या लेण्याचे चर्च केले आणि त्यावर मठ व देशी मुलांसाठी विद्यालय बांधिले. मूर्ती भिंतीआड व गिलाव्याआड गेल्या. तेरचा पालट शतकांच्या ओघात झाला. येथील पालट एका परराज्याच्या बळावर, एका पिढीच्या डोळ्यांदेखत झाला, हा भेद मुलीसही सांगावा लागतो. मराठ्यांनी हा मुलूख घेतल्यावर ते पुनः शिवालय झाले. नंतरही त्याचे हात बदलले. आज ते पुरातत्त्वखात्याच्या रक्षणाखाली आहे. आत शिवलिंग आहे, भग्न पण ओळखू येणारा नटराज आहे, आणि दुसऱ्या एका भिंतीवर, जेथे पूर्वी शिल्पपट होता तेथे, खडकात कोरलेला मोठा क्रूस आहे. वरच्या अंगास मठाचे भग्नावशेष. जवळच आजही चर्च आहे, शाळा आहे, आणि शाळा सुटल्यावर होतो तो सर्व गलबला आहे.

छकुली नटराजापाशी बराच वेळ उभी राहिली. मग क्रूसापाशी गेली. मग तिने विचारिले, "जी मुले इथे शिकायची, त्यांना माहीत होते का की भिंतीमागे हा नाचतो आहे?" आम्ही म्हणालो की, त्यांच्या आज्यांना तरी खास माहीत असेल. ह्यापलीकडे आम्हांस बोलवले नाही.

परतताना तिने घंटांचे विचारिले. मंडपेश्वरला घंटा नव्हती. आम्ही सांगितले की, आपल्याकडील मिशनांच्या घंटा पाहावयाच्या तर देवळांत पाहाव्या लागतात. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा तेथील चर्चांच्या घंटा मराठ्यांनी उतरवून आणिल्या. वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक आहे; तीवर १७०७ हे साल व बाळ येशूस घेतलेल्या मेरीची आकृती आहे. दुसरी भीमाशंकरास. देवदर्शनास आलेले लोक ती माय-लेकराची आकृती पाहतात, कोणी तिला देवी समजून हात जोडतात, आणि घंटा वाजते ती पूर्वीच्याच नादाने. चर्चवर असताना ती मुलांस प्रार्थनेस बोलवी. देवळात ती देवास जागे करिते. पंचधातूस धर्म नसतो.

मात्र येथे आम्ही आमच्या लहानपणच्या गोष्टीस एक पुरवणी जोडली, जी आम्हांस कोणी सांगितली नव्हती. वसईच्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिलेली होती. पोर्तुगीज गेले, घंटा गेल्या, पण ती रयत राहिली. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांच्या पूर्वजांस बाप्तिस्मा दिला होता, त्यांच्या लेकरांचा ह्या भांडणात आता काय अपराध? ती वसईच्या वाड्यांतून केळी-पानमळे करीत राहिली, आणि घरात जी बोली बोलत राहिली ती मराठीच होती.

आणि येथे आम्हांस एक गोष्ट कबूल करावयाची आहे. जानेवारी २०२० मध्ये आमच्याच गावी, ज्याचे नाव तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होते, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे त्र्याण्णवावे अधिवेशन भरले. नगरीस तेरच्या गोरोबाकाकांचे नाव दिले होते. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसई तालुक्यातील नंदाखालचे, 'सुबोध बायबल'चे कर्ते. ख्रिस्ती धर्मगुरूने ह्या आसनावर बसण्याचा तो पहिलाच प्रसंग. त्यांच्या निवडीवर तेव्हा कुरकूर झाली. ती आमच्या बैठकीतही झाली. एक स्नेही म्हणाले, "पाद्र्यास आता मराठीचे अध्यक्ष करावयाचे काय?" आम्ही इतिहासाचे अध्यापक, स्टीफन्सच्या ओव्या पाठ असलेले, वसईचा तह ठाऊक असलेले. आम्ही काय केले? चहाचा पेला खाली ठेविला आणि पावसापाण्याचा विषय काढिला. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले. त्या दिवशी वर्तमानपत्र हातात धरून आम्हांस त्या चहाच्या पेल्याची आठवण झाली होती. पण कोणास सांगावी अशी ती आठवण नव्हती.

मंडपेश्वराहून परतताना गाडीत ती आम्ही छकुलीस सांगितली. मुलांपुढे वडीलधाऱ्यांनी अशा गोष्टी सांगाव्या की नाही, ह्याविषयी मतभेद होईल. आमचे मत असे की, इतिहासात लबाडी करावयाची नाही असे मुलांस शिकवावयाचे असेल, तर आपल्या घरच्या इतिहासापासून आरंभ करणे बरे. तिने सर्व ऐकून घेतले आणि फक्त इतकेच विचारिले, "ते पाहुणे होते ना आपल्या गावाला?" आम्ही होय म्हणालो. "मग तुम्ही बोलायला हवे होते." तिची आई तिला दटावू लागली, आम्हीच तिला थांबविले.

काही सुजाण मित्र म्हणतील की, दहा वर्षांच्या मुलीस फटके, साथी, पोरक्या मुलांचे कायदे कशास सांगावे. तिला पुठ्ठ्याचे घर करू द्यावे. आम्हांस ते पटत नाही. मुलांस दुःख सोसत नाही हा आपला समज आहे. रामाचा वनवास, ध्रुवाचा अपमान, श्रावणाचा बाण ह्या गोष्टी आपण त्यांस पाळण्यापासून सांगत आलो. मुलांस जे सोसत नाही ते निराळेच आहे. ज्या गोष्टीत आपल्यासारखे कोणी नाही, ती गोष्ट त्यांस सोसत नाही. आणि अशी गोष्ट ती लगेच विसरतात. राजा, तह, सन, मिशन ही सर्व पुठ्ठ्याची. अंजीर घशात अडकलेला पोरगा तेवढा जिवंत. एकदा तो भेटला म्हणजे मुले त्याच्या बाजूने विचारू लागतात: भिंत कोणी बांधिली, बाग कोणाची, आई कोठे गेली. आणि हे प्रश्न विचारणारे मूल मोठेपणी कोणत्याही एका तयार उत्तरावर, मग ते आमच्या कॉलेजातले असो की आमच्या ओसरीवरचे, सहसा समाधान मानणार नाही.

जाण्याच्या आदल्या रात्री छकुली आमच्या कुटुंबाकडून सुईदोरा, कापूस व जुन्या लुगड्याच्या चिंध्या मागून बसली होती. सकाळी पाहतो तो पुठ्ठ्याच्या मिशनात माणसे आली होती. ओसरीवर काड्यांची चार, विहिरीवर दोन, एक झगा घातलेला पाद्री, आणि बाहेर, दाराच्या पलीकडे, एक बाई एकटीच उभी. "ही कोण?" आम्ही विचारिले. "आई," ती म्हणाली. "तिला आत येऊ देत नाहीत." बागेत आमच्या परसातील उंबराची एक डहाळी रोवली होती, उंबर अंजिराच्याच कुळातले, हे तिला तिच्या आजीने सांगितले होते. डहाळीवर चिंधीचा एक इवलासा मुलगा अडकविला होता.

मिशन तिने नेले नाही. पेटीत पुनः दबेल म्हणून ते आमच्या टेबलावरच ठेवून गेली. उंबराची पाने केव्हाच वाळून गेली. मुलगा मात्र डहाळीवर आहे, आणि माळी अजून कावळा शोधीत आहे.